सोड म्हणायचं राहिलं

गाडीचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. मेकॅनिक फोनवर "निघालोच" म्हणाला, म्हणजे अजून अंथरुणातून उठला नव्हता. कार्यक्रम करून परत निघालेली चर्चमध्ये एकत्र गाणारी कॉयरची पोरं गाडीत कोंबलेली, बाहेर मिट्ट काळोख. शेवटी म्हातारे ड्रायव्हरकाका मागे वळून म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. खरी घडलेली. ज्याला भीती वाटते त्याने खुशाल खाली उतरून अंधारात उभं राहावं."

कोणीच उतरलं नाही.

"भुताची आहे का काका?"

"भूत नका म्हणू रे त्याला. ओळखीचा मुलगा होता."

तर काकांचा एक दोस्त होता, चर्चमधले मोठाले पाइपांचे ऑर्गन दुरुस्त करणारा. जानेवारीतल्या शेवटच्या गुरुवारी त्याला एका कॅथेड्रलमधून, म्हणजे मोठ्या चर्चमधून, फोन आला. ऑर्गनचा एक पाइप वाजायचा थांबत नाहीये. त्याला त्यात नवल वाटलं नाही. पाइपखालच्या झडपेत कचरा अडकतो, झडप मिटत नाही, मग तो पाइप एकच सूर लावून बसतो, हट्टी पोरासारखा. दिवसा तिथे प्रार्थना आणि तालमी, म्हणून काम रात्रीच करायचं. आणि या कामाला माणसं लागतात दोन. एक ऑर्गनच्या पोटात शिरतो, दुसरा बाहेर बसून सांगितलेली पट्टी दाबतो.

दोस्ताने आपल्या मुलाला हाक मारली. "चल रे, पट्ट्या दाबायला."

"मी नाही येत. गृहपाठ आहे."

"जन्मात कधी गृहपाठ केलायस? स्वेटर घाल."

या मुलाला सगळे ढोल्या म्हणायचे. ढोल्या त्याच कॅथेड्रलच्या कॉयरमध्ये गायचा. म्हणजे, दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत गायचा. त्याच्या शेजारी उभा राहायचा काडी. ढोल्या एवढा गोल, पण त्याचा दम चिमणीएवढा. आणि काडी वाऱ्याने उडेल असा, पण सूर लावला की सोडायचं नाव नाही. ढोल्या त्याला विचारायचा, "एवढी हवा ठेवतोस कुठे रे?" काडी म्हणायचा, "तू पोटात जेवण ठेवतोस ना, तिथे."

लांब सूर धरायचा असला की कॉयरमध्ये काय करतात, ते तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो. म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांभाळायचं. या दोघांची खूण होती कोपराची. श्वास घ्यायचा असला की कोपर लावायचं, म्हणजे, तू धर. श्वास घेऊन परत सुरात आलं की पुन्हा कोपर लावायचं, म्हणजे, आता सोड. दुसरं कोपर लागल्याशिवाय सोडायचं नाही. मेलो तरी नाही, असं काडी म्हणायचा. पोरं म्हणतात तसं, उगाच.

दोघं शेवटचे एकत्र गायले त्या रविवारी ढोल्याने कोपर लावलं तर काडीचा हात तव्यासारखा तापलेला. अंगात ताप घेऊन उभा होता तो. ढोल्याने पोटभर श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि...

"आणि?"

आणि कोंबडा निघाला. आवाज फुटला त्याचा. भर प्रार्थनेत, सगळ्या लोकांसमोर. समोरच्या रांगेतल्या पोरांचे खांदे हसून हसून हलायला लागले. ढोल्याने तोंड मिटलं, मान खाली घातली. दुसरं कोपर लावलंच नाही. काडीने एकट्याने सूर धरला. गायनमास्तरांचा हात खाली आल्यावरसुद्धा तो क्षणभर जास्तच धरून राहिला, चेहरा पांढरा फटक, नजर ढोल्यावर. ढोल्याने कॉयरचा पांढरा झगा तिथेच टाकला आणि घरी पळाला.

रात्री काडीला हॉस्पिटलात नेलं. छातीत पाणी झालं होतं. दुसऱ्या दिवशी काडीच्या आईचा फोन आला, "तो सारखं तुझंच विचारतोय रे बाळा. येशील का?" ढोल्याला वाटलं, आपण तोंड उघडलं की पुन्हा कोंबडा निघणार, आणि काडी हसणार. तो म्हणाला, "उद्या येतो, काकू."

उद्या काडी नव्हता.

 काकांनी गाडीची काच थोडी खाली केली, पुन्हा वर केली. मग पुढे सांगायला लागले.

बापलेक कॅथेड्रलमध्ये शिरले तेव्हा दहा वाजायला आले होते. सूर चालूच होता. बारीक. उंच. एकसारखा. ऑर्गन वर माडीवर होता; ढोल्या पट्ट्यांसमोर बसला, बाप शिडीने ऑर्गनच्या पोटात चढला. ते पोट खोलीएवढं असतं, आत माणूस हरवेल. आतून तो ओरडला, "ही पट्टी दाब... ती दाब... पुढची..." ढोल्या दाबत गेला. सगळे पाइप शहाण्यासारखे वाजले आणि गप्प झाले.

"हवेची मोटर बंद कर!"

ढोल्याने बंद केली. ऑर्गनने मोठा सुस्कारा टाकला. हवा संपली. आता शिट्टीसुद्धा वाजणं शक्य नव्हतं.

सूर चालूच.

"बंद केलीस का रे?"

"केली बाबा."

"नीट बघ!"

"बाबा, मोटरचा दिवापण विझलाय."

 मग बाप म्हणाला, "वायरिंग असणार." या धंद्यात काही कळेनासं झालं की वायरिंगवर ढकलतात.

"पण काका," मागच्या सीटवरून एकजण हळूच म्हणाला, "इतके दिवस श्वास न घेता कोण गाणार?"

"मेलेल्याला कशाला लागतो श्वास? कॉयरला असा मुलगा शोधून सापडायचा नाही."

एकजण फिसकन हसला. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

ढोल्याने कान दिला. सूर वरून येत नव्हता. ऑर्गन वर... आणि सूर खालून. कॉयरच्या बाकांकडून. पहिल्या रांगेतून.

तो खाली उतरला.  बाकांपाशी कोणी नव्हतं. रिकामी रांग. पण जवळ गेलं तसा सूर मोठा होत गेला. काडीच्या जागेपाशी तर... अगदी कानात.

तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. समोर बघत. शेजारी बघायची हिंमत नव्हती.

"काडी..."

सूर हलला नाही.

"सोड ना रे आता. संपलं ते. सगळे घरी गेले."

सोडत नव्हता. कसा सोडेल? कोपर कुठे लागलं होतं? आणि कोपर लावायचं तर आधी सुरात यायला हवं. ढोल्याने श्वास घेतला. तोंड उघडलं. कोंबडा. पुन्हा श्वास. पुन्हा कोंबडा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या उंच सुरापर्यंत आता तो कधीच पोचणार नव्हता.

मग त्याने तोच सूर खाली लावला. अगदी खाली. जाडाभरडा, खरखरीत, बापासारखा. तो आवाज त्याने स्वतःसुद्धा पहिल्यांदाच ऐकला. हलला. डळमळला. लागला.

आणि त्याने कोपर बाजूला केलं...

लागलं.

थंड. बारीक. नुसतं हाड.

वरचा सूर थांबला.

मग अंधारात, त्याच्या खांद्याशी... कोणीतरी श्वास घेतला. लांब. खूप लांब. किती दिवसांचा राहिलेला.

ढोल्या गात राहिला. दम सरेपर्यंत गात राहिला. आता धरायला शेजारी कोणी नव्हतं. सूर तुटला.

"अरे, थांबला की!" वरून बाप आनंदाने ओरडला. "कशाला हात लावलास?"

"कोपर लागलं," ढोल्या म्हणाला.

बाप धुळीने माखून खाली आला. त्याने पोराचा चेहरा बघितला. नुसता डोक्यावर हात ठेवला. बाजूच्या काचेच्या दाराने दोघं बाहेर पडले. बापाने कुलूप लावलं आणि थबकला.

काचेवर वाफेचा एक गोल धरला होता. कोणी काचेला तोंड लावून, जाणाऱ्याकडे बघत उभं राहिलं की धरतो, तसा. बापाने बाहीने पुसला. पुसला जाईना. आतून होता.

काका थांबले. 

"मग? पुढे?"

"पुढे काय. झाडणारी बाई सकाळी पुसते, रात्री पुन्हा असतो. थंडीत रोज. इतकी वर्षं झाली, ढोल्या बाप्या झाला, ऑर्गनचं काम आता तोच बघतो. तिथे गेला की जाताना त्या दारापाशी उभा राहतो थोडा वेळ."

"अजून तिथेच आहे तो गोल?"



"आहे. पण पहिल्यांदा ढोल्याच्या बापाच्या छातीशी होता. दर हिवाळ्यात थोडा थोडा वर सरकतोय. आता ढोल्याच्या तोंडाशी आलाय."