शंकासुरानं सोडलेली खुर्ची

माझ्या नातीची त्याच्याशी ओळख झाली ती आधी पायांशी. बाकीचा माणूस टेबलाखाली होता, वायरींच्या गुंत्यात.

नात विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला. अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारी यंत्रणा बसवायची, असा तिचा प्रकल्प. पण तिथे असं काही नवं आणायचं तर आधी तंत्रज्ञान विभाग तपासतो, मग समिती बसते. तपासणाऱ्यानं तिचा प्रस्ताव दुसऱ्यांदा परत पाठवलेला. बाहेर धो धो पाऊस, छत्री गळतेय, आणि ही भांडायला हजर.

"अहो, तो शंकासुर कुठे बसतो?" तिनं पायांना विचारलं.

"कशाला हवाय?"

"जाब विचारायला. देव जरी प्रस्ताव घेऊन आला ना, तरी हा विचारेल — विश्व बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार?"

"मग... देव काय म्हणाला?"

पाय बाहेर सरकले, मागोमाग दोन हसरे डोळे. "मीच तो. बसा."

बसली. ती जवळजवळ पावसाळा संपेपर्यंत, म्हणा ना. रोज संध्याकाळी त्याची नवी शंका. मुलांची माहिती कुठे राहणार? उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर हे कोण चालवणार? ती उत्तर आणायची, सोबत बिस्किटं. तेवढ्यात कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. शेवटच्या शंका त्यानं नुसत्या तिला बोलवायला काढल्या, असं मी म्हणते. तो नाही म्हणतो. कान मात्र लाल होतात.

समितीचा दिवस उजाडला. आज मंजुरी नाही तर थेट पुढचं वर्ष, आणि तोवर मुलांच्या परीक्षा उरकलेल्या. तरी नात निर्धास्त. समितीच्या पाच जणांत यंत्रणेतलं कळणारा तो एकटाच, आणि तो समोरच बसलेला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्रस्ताव मांडणाऱ्यांशी कुणाचं नातं असेल तर त्यांनी बाहेर बसावं."

दरवेळचं वाक्य. कधी कुणी उठत नाही. तो उठला.

बाईंनी चष्मा काढला. "तुमचं काय नातं?"

"अजून नाही... पण व्हावं असं वाटतंय. माझं मत आता सरळ राहिलेलं नाही, बाई."

आणि गेला की बाहेर. खोलीत अशी कुजबुज उठली, की मला घरी ऐकू आली.

नातीला आधी रागच आला. भर बैठकीत हे बोलून वर एकटीला टाकून गेला — पण प्रश्न सुरू झाले, आणि तिच्या लक्षात आलं. समितीचा एकही प्रश्न असा नव्हता, जो त्यानं आधी छळून छळून विचारला नव्हता. ती घडाघडा बोलत गेली. चारही हात वर.

बाहेर बाकावर तो नखं खात बसलेला.

"झालं?"

"मंजूर." ती शेजारी टेकली. "गावाला सांगायच्या आधी मला सांगायचंस ना."

"आजपर्यंत तुझं काम माझ्या हातात होतं. तू 'हो' म्हणाली असतीस, तर ते कशासाठी, हे मला कधी कळलं नसतं."

"आणि मी आता नाही म्हटलं तर?"

"तरी बाहेरच बसलो असतो."

तिनं त्याचा हात तोंडातून काढला, आपल्या हातात घेतला... आणि उठून उभी राहिली.

"पुष्कळ बसलास बाहेर. चल घरी, आजीला दाखवते तुला."