वेशीवरचा रथ

"संग्रहालयाच्या साहेबांनी मला भर चौकात चोर म्हटलं," पेत्कानामावशी म्हणाल्या. "सोमवारपासून कामावर यायचं नाही म्हणे."

चोरीला गेलं होतं रोमन काळातलं कांस्याचं नाणं. त्यावर अख्खं शहर होतं: तट, बुरूज आणि वेस. संग्रहालयाच्या पेटीत आता त्याची नक्कल पडली होती आणि खापर राखणदारीण पेत्कानामावशींवर फुटलं होतं.

वार्नाहून आलेल्या खासगी गुप्तहेर रादोस्तिनानं नक्कल निरखली. तिचा सोबती मिंचो, निवृत्त हवालदार, त्यानंही डोळे बारीक केले. तट झकास होता, वेशीवर मात्र नुसतं ढेकूळ दिसत होतं.

परवा मावशींचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण होता. नामदिनाला आमंत्रण लागत नाही. गाव आपणहून संग्रहालयात लोटलं. मावशी चीज भरलेली बनित्सा कापत होत्या आणि पेटीच्या किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या होत्या.

नाणी साफ करणाऱ्या वेलिझारनं सांगितलं, की गेल्या हिवाळ्यात त्यानं सुईनं गंज खरवडला, तर वेशीवर चार घोड्यांचा रथ निघाला. नक्कल सकाळी त्यानंच ओळखली होती.

ओतारी गेंचो फुरंगटलेला होता. नाणं शेतात सापडलं, तेव्हा त्यानं साचा घेतला होता. पण साहेबांनी नकला विकू दिल्या नाहीत. साचा तेव्हाच फुटला, आणि त्या भांडणानंतर परवापर्यंत आपण इथं पाऊल टाकलं नाही, असं तो म्हणाला.

"वेलिझारच," मिंचो कुजबुजला. "हात त्याचाच सराईत आहे."

"मग स्वतःच शोधून काढलेला रथ तो नकलेत विसरेल?" रादोस्तिना म्हणाली. "मावशी तर त्या पेटीची काच रोज पुसतात. ही नक्कल गंज निघण्याआधीच्या साच्यातली आहे. रथ निघाल्याचं ठाऊक नसलेला माणूस इथं एकच. गेंचो, साचा फुटला नाही ना?"

गेंचोनं मान खाली घातली. "तीन वर्षांपूर्वीची साच्याची मेहनत वाया घालवली साहेबांनी. गर्दीत घाईघाईनं अदलाबदल केली, नीट बघितलंही नाही."

तासाभरात त्याच्या भट्टीजवळच्या डब्यातून नाणं आलं. साहेब ओशाळले. "झालं गेलं विसरा, मावशी. सोमवारी या कामावर."

मिंचोचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, मावशी आता रडतील.

मावशींनी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.

"येईन की. आधी चौकात चला, साहेब. बाजार अजून उठलेला नाही."