कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

बोरिवलीच्या जुन्या फोटोग्राफर चंद्रप्रकाश काकांनी टेबलावर कॅमेऱ्याचे दोन होल्डर ठेवले आणि स्वरदाला म्हणाले, "दोन्ही ने. वापरून बघ. जो नको तो परत आणून दे."

स्वरदाकडे मोठा कॅमेरा होता. तिपाईवर पेटीसारखा उभा राहणारा, पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मध्ये काळा भाता. असल्या कॅमेऱ्यात रीळ नसतं. काचेवर उलटं दिसणारं चित्र बघून फोकस लावायचा, मग काचेच्या जागी फिल्म भरलेला होल्डर सरकवायचा, आणि एका वेळी एकच फोटो. विक्रोळीच्या जुन्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या माणसांचे फोटो काढायचं तिने मनावर घेतलं होतं. माणूस खुर्चीवरून उठला की फोटो त्याच्या हातात पडला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. म्हणून झटपट फिल्मचा होल्डर.

जुना होल्डर धातूचा, हाताला जड लागणारा. त्याची फिल्म सोलायची असते. फोटो काढला की कागदी पट्टी ओढायची, आतल्या दोन रुळांमधून फिल्म दाबली जाऊन बाहेर येते, थोडं थांबायचं आणि वरचा कागद सोलून काढायचा. ती फिल्म बनणं केव्हाच बंद झालं होतं. काकांच्या फ्रिजमध्ये एकच पाकीट उरलं होतं, तेही मुदत संपलेलं, आत चारच फिल्म. नवा होल्डर प्लास्टिकचा आणि बॅटरीवर चालणारा. त्याची फिल्म मॉलमध्येसुद्धा मिळते, फोटो आपोआप बाहेर येतो आणि डोळ्यांदेखत उमटतो. फक्त तो फोटो काचेपेक्षा लहान, म्हणून काचेवर टेपने चौकट आखून घ्यावी लागायची.

"शहाण्या माणसाने नवा घ्यावा," काका म्हणाले. "पण कातडीचा रंग जुन्यात जसा येतो म्हणतात ना, तसा नव्यात नाही यायचा."

"तुम्ही यात कोणाचे काढायचात?"

"मशीनचे. कंपन्यांना लागायचे. माणूस एकसुद्धा नाही काढला."

तिचा गाळा विक्रोळीला, एका जुन्या औद्योगिक वसाहतीत. उत्तरेला मोठी खिडकी होती, त्यामुळे दिवसभर सावलीचा एकसारखा उजेड यायचा आणि भरतीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वास. शेजारच्या गाळ्यात भीमराज प्रदर्शनांचे स्टॉल बनवायचा. रुंद बांध्याचा, कमी बोलणारा माणूस. त्याला हसताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं. होल्डर तपासायला तिने त्यालाच खुर्चीत बसवलं.

"कुठे बघू ताई?"

"लेन्सकडे. आणि हलू नको रे."

मोठ्या कॅमेऱ्याचं एक बरं असतं. होल्डर लावला की काच झाकली जाते, आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनी बघतो. स्वरदा कॅमेऱ्याच्या उजवीकडे उभी राहिली, हातात शटरची तार. भीमराज लेन्सकडे बघत होता. तिने तार दाबली. पुन्हा तेच, दुसरा होल्डर लावून.

नव्या होल्डरचा फोटो ठीक आला. भीमराज सरळ बघतोय, कपाळावर आठ्या. जुन्याचा तिने सोलला तेव्हा पहिल्यांदा रंगच बघत राहिली. काका म्हणाले ते खरं होतं. मग तिचं लक्ष डोळ्यांकडे गेलं. भीमराज लेन्सकडे बघत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, खाली कुठेतरी बघत होता. आणि कपाळावर आठ्या नव्हत्या, ओठांवर हसू होतं.

"बघ ना, नजर हलवलीस तू."

भीमराजने फोटो लांब धरला, जवळ धरला. "नाही हो ताई. मी तर त्या काचेतच बघत होतो." थोड्या वेळाने म्हणाला, "हा माझा फोटो बायकोला दाखवला तर ओळखणार नाही ती."

फिल्म जुनी, पापणी लवली असेल, असं काहीतरी धरून ती पुढे गेली.

दोन दिवसांनी जयंतीताई आल्या. घाटकोपरला राहणाऱ्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान इथल्याच एका कारखान्यात फोरमन होते. या वेळी स्वरदाने क्रम बदलला, जुना होल्डर आधी, नवा नंतर. लेन्सच्या कडेला एक पिवळी टिकली चिकटवली आणि सांगितलं, "ताई, या टिकलीवरून नजर काढायची नाही."

"शाळेत मी हेच सांगायचे पोरांना," जयंतीताई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या. स्वरदाने त्यांच्या डोळ्यांत बघत तार दाबली.

सोललेल्या फोटोत जयंतीताई पुढे वाकल्या होत्या. ओठ किंचित पुढे आले होते, जसे कोणाशी बोबडं बोलताना येतात. उजवा हात मांडीवर नव्हता. तो समोर पसरलेला होता, तळवा वर. नजर तिथेच होती, कॅमेऱ्याच्या डावीकडे, खाली.

स्वरदाने तो फोटो त्यांना दाखवला नाही. नव्या होल्डरचा, टिकलीकडे ताठ बघणारा, हातात दिला. जयंतीताईंना तो आवडला. जाताना दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "छान वाटलं गं तुझ्याकडे. का कोण जाणे, वर्गात असल्यासारखं वाटलं."

त्या गेल्यावर तिने भीमराजला पुन्हा बोलावलं. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला लाकडी पेट्या एकावर एक रचल्या, वर पाण्याची बाटली ठेवली. पेट्या पुढेमागे केल्या, एक काढली, दुसरी ठेवली, आणि प्रत्येक वेळी भीमराजला बाटलीच्या झाकणाकडे बघायला लावून त्याची नजर फोटोशी ताडून पाहिली. शेवटी नजर तंतोतंत जुळली. झाकण तिच्या कमरेच्या थोडं खाली येत होतं.

"कशाला चाललंय हे सगळं?" भीमराजने विचारलं.

"होल्डरमध्ये काहीतरी गडबड आहे."

"मग परत देऊन टाका ना."

तिने त्याच दुपारी काकांना फोन केला. नवाच ठेवते म्हणाली.

"चांगलं केलंस. जुन्यात किती उरल्यात?"

"दोन."

"वापरून टाक आणि मग दे. मला काय करायच्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडला, घराखाली ती रिक्षाची वाट बघत उभी होती. सोसायटीच्या फाटकापाशी शाळेची बस आली. छोट्या शिशूची पोरं रांगेत उभी होती, पाठीवर त्यांच्याहून मोठी दप्तरं. एक मुलगी रांगेतून मागे सरकली आणि नकळत स्वरदाला येऊन टेकली. तिने वर पाहिलं. आपली आई नाही हे कळल्यावर ती परत रांगेत गेली.

त्या मुलीचे डोळे कुठे येत होते ते स्वरदाने पाहिलं होतं. कमरेच्या थोडं खाली.

रिक्षा आली, थांबली, निघून गेली.

स्वरदाला मुलगी झाली होती. पोटात असतानाच गेलेली. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर येईपर्यंत सगळं उरकलं होतं. बाळाला तिला दाखवू नये असं घरच्या मोठ्यांनी ठरवलं. बघितलं असतंस तर विसरणं जड गेलं असतं, असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात दुष्टपणा नव्हता. पण स्वरदाकडे विसरण्यासारखं काही राहिलंच नाही. चेहरा नाही, नाव नाही. कोणाचं दुःख करायचं तेच तिला कळत नसे. बाळाला पाहिलं होतं ते फक्त सुशांतने, तिच्या नवऱ्याने. तोच बाळाला पुरायला घेऊन गेला होता. त्याने कधी सांगितलं नाही आणि स्वरदाने कधी विचारलं नाही. इतकी वर्षं दोघं एका घरात त्या गोष्टीला वळसा घालून वावरत होते.

आज असती तर याच बसमध्ये चढली असती.

रविवारी ती सुशांतला गाळ्यावर घेऊन गेली. तो लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत होता. बिघाड झाला की आधी वायर तपासायची, ही त्याची सवय. त्याने सगळे फोटो टेबलावर मांडले. दोन्ही होल्डर उघडून पाहिले, रूळ फिरवले, लेन्सवर बोट फिरवलं. मग कॅमेऱ्याच्या डावीकडे अजून तशाच रचलेल्या पेट्यांकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"उंची," स्वरदा म्हणाली.

त्याला समजलं. त्याने पेट्या उचलून भिंतीशी नेऊन ठेवल्या, एकेक करून, आवाज न करता.

"नको करू असं," तो म्हणाला. "किती मुश्किलीने आपण इथपर्यंत आलोय."

"तू आलास. मी तिथेच आहे."

तो स्वतःहून खुर्चीत जाऊन बसला.

"काढ. एकदाचं संपव."

तिने फोकस लावला, होल्डर सरकवला. सुशांत लेन्सकडे बघत होता. जबडा आवळलेला, डोळे कोरडे. तिने तार दाबली, पट्टी ओढली. फिल्म तयार होईपर्यंत दोघं खिडकीशी उभे राहिले. ओहोटी होती.

तिने कागद सोलला.

फोटोत सुशांत खाली, डावीकडे बघत होता. बाकीचे हसले होते तसा तो हसत नव्हता. त्याचा चेहरा पूर्ण भिजलेला होता. खूप दिवसांनी स्टेशनवर आपलं माणूस दिसावं आणि ते किती बदललंय हे बघून पाय थबकावेत, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. त्या सगळ्यांमध्ये ओळख होती ती एकट्या त्याच्याच नजरेत.

सुशांत फोटो धरून उभा राहिला. मग त्याने तो पालथा ठेवला.

"कशी होती?" स्वरदाने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"केस खूप होते." त्याने स्वतःच्या भुवईवर बोट टेकवलं. "ओले. इथपर्यंत आलेले, कपाळावर. मी मागे सारले."

"अजून?"

"एक मूठ मिटलेली होती. मी उघडायला गेलो, मग म्हटलं राहू दे."

स्वरदाने मान हलवली. ती रडली नाही. तिला घाई झाली होती.

"आता मी बसते," ती म्हणाली.

"स्वरू, शेवटची फिल्म आहे."

"म्हणूनच."

त्याला तिने सगळं दाखवलं, होल्डर कसा सरकवायचा, फिल्म झाकणारा पत्रा कधी बाहेर ओढायचा, तार किती दाबायची. मग खुर्चीत बसली. अंगात खादीचा इस्त्री केलेला कुर्ता होता. हात मांडीवर घेतले.

"लेन्सकडे बघ," सुशांत म्हणाला.

ती लेन्सकडे बघणार नव्हती. आतापर्यंत सगळ्यांनी लेन्सकडे पाहिलं होतं आणि फोटोत मात्र त्यांना मुलगी दिसली होती. आईचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. स्वरदाने मान वळवली आणि पेट्या होत्या त्या जागेकडे, बरोबर त्या उंचीवर, नजर लावली.

तिथे काही नव्हतं. फरशी, तिपाईचा एक पाय, भिंतीवरचा उजेड.

तरी ती बघत राहिली. ओले केस मागे सारलेलं कपाळ कसं असेल, तेवढंच मनात धरून बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी लववली नाही.

"दाबू?"

"थांब."

खाडीकडून वारा आला आणि थांबला.

"स्वरू."

"थांब जरा."

ती अजून थोडी बसली. काही दिसलं नाही. काही जाणवलंही नाही.

"दाब," ती म्हणाली.

पट्टी सुशांतनेच ओढली. कागद सोलायला मात्र त्याचा हात होईना, तेव्हा तिने सोलला आणि फोटो खिडकीशी नेला.

फोटोत ती जशी बसली होती तशीच होती. हात मांडीवर. मान वळलेली, नजर त्या रिकाम्या जागेवर खिळलेली, चेहरा आशेने ताणलेला.

"हलली होतीस का तू?" मागून सुशांतने विचारलं.

"नाही."

त्याने फोटोवर बोट ठेवलं. ती बघत होती त्याच्या उलट बाजूला, खुर्चीच्या अगदी जवळ.

तिथे तिच्या कुर्त्याची बाही कोपरापाशी खाली ओढली गेली होती. कडक कापड टोकाला गोळा होऊन चुरगळलं होतं, लहानशा मुठीत मावेल एवढं. खांद्याची शिवण उसवायला आली होती.

कितीतरी वेळ कोणी ओढत असावं, इतकी.