श्वासाला जागा नसलेली धून

पोलिक्सेनीने स्पर्धेत काय वाजवायचं, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं. दुसरं काहीच नव्हतं मनात. आजही ही गोष्ट सांगायला बसले की मी तिथूनच सुरू करते, कारण पुढचं कुणाला एकदम पटत नाही.

मी तेव्हा ग्रीसच्या डोंगराळ भागात, योआनिनाच्या संगीतशाळेत क्लॅरिनेट शिकवत होते आणि पोलिक्सेनी माझी विद्यार्थिनी होती. वसंतात थेसालोनिकीला विद्यार्थ्यांची स्पर्धा असे. नियम असा की पियानोची साथ नाही, मंचावर एकट्याने उभं राहायचं आणि वाजवायचं. पहिल्या येणाऱ्याला तिथल्या मोठ्या विद्यालयात जागा मिळे. पोलिक्सेनीला ती हवीच होती. तिचे वडील स्तेर्गिओस ट्रक चालवायचे. आदल्या हिवाळ्यात घाटातल्या धुक्यात त्यांची गाडी दरीत गेली. तेव्हापासून आई, फोतिनी, एका बेकरीत उभी राहायची. जागा नाही मिळाली तर शाळा संपल्यावर पोरगीही तिच्या शेजारी पाव विकत उभी राहणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मी तिच्यापुढे चारसहा रचना ठेवल्या. एक फ्रेंच होती, नाजूक, परीक्षकांना आवडणारी. एक हंगेरियन, बोटं पळवणारी. तिने सगळ्या वाजवून पाहिल्या, नीट वाजवल्या आणि खाली ठेवल्या. म्हणाली, हे सगळं कुणा दुसऱ्याचं आहे. मग हळूच म्हणाली, वडिलांच्या गावी झोईस नावाचा वादक होता, तो मयताला वाजवायचा. तो वारला, पण त्याच्या बायकोकडे एक टेप आहे म्हणतात.

आमच्या डोंगरात मेलेल्यापुढे क्लॅरिनेट वाजवून रडतात, त्यात नवल काही नव्हतं. मलाही वाटलं, मातीतलं काही असेल तर परीक्षक कान टवकारतील. रविवारी जेवणं उरकून आम्ही दोघी निघालो.

वर चढत गेलो तसं धुकं खाली उतरत आलं. गावात चिटपाखरू नव्हतं. दगडी छपरांवरून पाणी ठिबकत होतं आणि ओल्या लाकडाचा धूर जमिनीलगत साचला होता. झोईसची बायको, आरेती आजी, दारातच उभी होती, जणू कुणी कळवलं होतं. तिने चुलीजवळ बसवलं, डोंगरी चहा दिला, पालेभाजी भरून भाजलेली पिठा कापून पुढे ठेवली. टेपचं नाव काढताच मात्र तिचा हात थांबला. ती धून स्पर्धेची नाही, म्हणाली. दुसरं काहीही माग.

पोलिक्सेनी खाली बघत म्हणाली, "माझ्या बाबांना पुरलं तेव्हा कुणीच वाजवलं नाही, आजी."

म्हातारीने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग उठली आणि आतून टेपरेकॉर्डर घेऊन आली. फक्त ऐकायचं, अशी अट घालून तिने बटण दाबलं.

आधी खरखर आली. दूरवर बायकांचं रडणं. मग क्लॅरिनेट, इतकी खालून, की मला आधी ते दाराचं करकरणं वाटलं. सूर चढला, वळला, घसरला आणि पुन्हा चढला. आम्हा वाजवणाऱ्यांना एक खोड असते. दुसऱ्याचं ऐकताना तो श्वास कुठे घेतो ते आम्ही शोधत असतो. मी शोधत राहिले. तो कुठेच घेत नव्हता. गाल फुगवून, नाकाने हवा ओढत सूर अखंड ठेवणारे वादक असतात, पण त्यांचीही नाकातली ओढ ऐकू येते. इथे काहीच नव्हतं.

टेप थांबली तेव्हा मी आजीला विचारलं, हे त्यांना कसं जमायचं?

"जमायचं कुठलं," ती आवाज खाली आणून म्हणाली. "झोईस म्हणायचा, ही माझ्या दमावर वाजतच नाही. समोर जो निजलेला असतो ना, त्याचा राहिलेला श्वास लागतो तिला. म्हणून घरात वाजवायची नाही. समोर कुणी निजलेलं नसेल, तर ती जवळच्या कुणाचाही..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. पोलिक्सेनीने पेटीतली क्लॅरिनेट काढून जोडली होती आणि ओठांना लावली होती.

एकदाच ऐकून तिने ती धून उचलली होती, जशीच्या तशी. मला अभिमान वाटला, हेही खरं सांगते. सूर लांबत गेला. आता ही दमेल, असं वाटलं त्या जागी ती खरंच दमली. तिने ओठ काढले, तोंड उघडून हवा घेतली. मी तिचे मोकळे ओठ बघत होते.

सूर चालूच होता.

मी काही म्हणायला गेले आणि लक्षात आलं की माझी छाती हलत नाहीये. दुखत नव्हतं. हवा आत येतच नव्हती, एवढंच. धूर, चहा, ओली लोकर, सगळे वास नाहीसे झाले. आजीने झेप घेऊन क्लॅरिनेट तिच्या हातातून ओढली, तेव्हा कुठे मला खोकल्याची उबळ आली आणि मी चुलीपुढे ओणवी झाले.

"मास्तरीणबाई," आजी माझी पाठ चोळत म्हणाली, "पोरीला हे विसरायला लावा."

परतताना मी निक्षून सांगितलं, फ्रेंच रचना वाजवायची. पोलिक्सेनी बरं म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की माझा जीव थाऱ्यावर राहिना. पुढचे कित्येक आठवडे ती ती रचना सफाईने बसवत होती. पण श्वासाची जागा आली की क्षणभर थांबे, मान किंचित वळवी, कुणी मागून पुढची ओळ सांगणार असल्यासारखी. मी विचारलं तर म्हणे, काही नाही बाई.

स्पर्धेच्या सकाळी सभागृह भरलं होतं. फोतिनीने बेकरीतून सुट्टी घेतली होती आणि नवऱ्याच्या मयतातलाच काळा झगा घालून ती माझ्या शेजारी बसली होती. पोलिक्सेनीने सुरुवात केली, फ्रेंच, स्वच्छ, सुंदर. परीक्षक एकमेकांकडे पाहून मान डोलवू लागले. मी सैल झाले. आणि मधल्या संथ भागात एक सूर खाली घसरला, आणखी खाली गेला. मी ओळखला.

मी आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. मग शेजारी पाहिलं. फोतिनी ताठ बसली होती. ओठ उघडे, डोळे मंचावर. तिचा चेहरा... घाबरलेला नव्हता. कुणीतरी फार दिवसांनी भेटावं, तसा होता. मी तिला हलवलं. तिची बोटं गार पडली होती.

मी उठून उभी राहिले. पोलिक्सेनीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ओठ तिने केव्हाच काढले होते. हातातली क्लॅरिनेट नुसती धरलेली होती आणि धून वाजत होती. लोकांना काय दिसलं असेल कोण जाणे, सगळे खिळून बसले होते. ती रडत होती. नंतर मला म्हणाली, अजून थोडी वाजू दिली असती तर बाबा बोलले असते, असं वाटत होतं. पण तिने दोन्ही हातांनी क्लॅरिनेट पिळली, मधोमध वेगळी केली आणि तुकडे मंचावर टाकले. सूर आणखी थोडा लांबला. मग थांबला.

फोतिनीने दीर्घ श्वास ओढला आणि माझ्या खांद्यावर कोसळली. डॉक्टर आले, तपासून म्हणाले, दमणूक आहे, घरी न्या. परीक्षकांनी पोलिक्सेनीला बाद केलं. रचना बदलली होती, मधेच सोडली होती. कुणीही त्यावर वाद घातला नाही.

संध्याकाळी माझ्या गाडीने आम्ही घाटाला लागलो. पोलिक्सेनी माझ्या शेजारी होती, आई मागच्या सीटवर झोपली होती. वर्षभरात ती इतकी गाढ झोपली नव्हती म्हणे. मी पोरीला सांगत होते की पुढच्या वर्षी पुन्हा बसू, जागा कुठे पळून जात नाही. ती ऐकत नव्हती. तिने रेडिओ बंद केला.

"बाई," ती कुजबुजली, "ऐका..."

मी ऐकलं. मागे फोतिनीचा श्वास चालला होता, संथ, झोपेतला. आणि त्याच्या किंचित मागून दुसरा, जड, घोगरा, पुरुषाचा.

मी आरसा वळवला. मागे ती एकटीच होती. तिची मान एका बाजूला कलली होती, खूप कलली होती, जिथे टेकायला काहीच नव्हतं तिथे. गाडी वळणं घेत होती, आणि तिचं डोकं तसूभरही हलत नव्हतं.