लोलक सोडणारा हात

सालेकशाच्या पुढं, रुळांपलीकडच्या त्या शाळेत भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे एक जुना संगणक आणि खिडकीवर टांगलेली चादर. बाकी सगळं सामान दूर शहरातल्या एका संस्थेत. इथं बटण दाबायचं, तिथं खरा लोलक हलायचा आणि कॅमेऱ्यातून इथल्या पडद्यावर दिसायचा. अल्का मेश्राम मॅडम त्यावरच बारावीला शिकवायच्या, आणि त्या लोकांचे उपकार मानताना थकायच्या नाहीत. नाहीतर जंगलातल्या पोरींनी लोलक पुस्तकातच पाहिला असता, हो की नाही?

त्या दुपारी खोलीत दोघीच होत्या, मॅडम आणि रिंकी. ऐन परीक्षेच्या वेळी मोहफुलं वेचताना रिंकीच्या आईवर अस्वल आलं होतं. पोर दवाखान्यात आईच्या उशाशी बसली आणि प्रात्यक्षिक परीक्षा हुकली. मॅडमनी वर बोर्डात हातापाया पडून आजचा दिवस मागून घेतला होता. पाचच्या आत गुण पोचले नाहीत, तर बारावी गेली आणि नर्सिंगही गेलं.

रिंकीनं आधी पडद्याला हात जोडले.

"अगं वेडे, ते यंत्र आहे!"

"असू द्या ना मॅडम. लावलं तं कोणीतरी असंलच."

तिनं बटण दाबलं. लोहचुंबकानं धरलेला गोळा हलला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"मॅडम... गोळा सुटूनच नाही राहिला..."

मॅडमनी संस्थेत फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. घड्याळ पुढं सरकत होतं. रिंकीचे डोळे भरून आले. चादरीआडच्या अंधारात अचानक अगरबत्तीचा वास आला, आणि संगणकाच्या पंख्याची घरघर बंद पडली.

पडद्यावर एक हात आला. म्हातारा, सुरकुतलेला, बाहीचं बटण तुटलेला. त्यानं गोळा दोन बोटांत धरला आणि जरासाही धक्का न देता सोडला. लोलक झुलू लागला.

"मोज, मोज!" मॅडम ओरडल्या.

रिंकीनं सगळी मापं घेतली. मग पुन्हा हात जोडले. "लय उपकार झाले, काका."

पडद्यावर दोन हात आले आणि जोडले गेले.

"मॅडम... आपल्या संगणकाले कॅमेरा कुठी आहे?"

"नाही गं..." मॅडमनी संगणकाभोवती नजर फिरवली. "माईकही नाही."

गुण वेळेत गेले. पोरीचं वर्ष वाचलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आभार मानायला फोन केला. पलीकडचा तरुण गोंधळलाच. "काल? मॅडम, लोलक तर आम्ही परीक्षा संपल्यावरच काढून ठेवलाय. प्रयोगशाळा सांभाळणारे आमचे शालीकराम काका वारले, तेव्हापासून ती खोली कुलपात आहे. कॅमेरा तेवढा चालू राहिलाय."

मॅडम मटकन खाली बसल्या. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा माया जास्त दाटून आली. मेल्यावरही दुसऱ्याच्या लेकरासाठी धावून येतं कोण हो?

त्यांनी संगणक लावला. पडद्यावर रिकामं टेबल होतं, त्यावर धूळ, आणि काच मळल्यामुळं सगळं धुरकट.

"काका," त्या हात जोडून म्हणाल्या, "माझ्या पोरीचं सोनं केलं तुम्ही. कसे फेडू उपकार..." बोलता बोलता त्या रडायला लागल्या. चष्मा ओला झाला.

पडद्यावर एक अंगठा आला आणि कॅमेऱ्याची काच सावकाश पुसून गेला. चित्र लख्ख झालं. खोलीत कोणीच नव्हतं.

मग मॅडमच्या चष्म्याची डावी काच, तशीच सावकाश, पुसली गेली.