घोरपडेबाईंची शिकवण

मान्यांची गाडी मंगळवारी सकाळी आपणहून निघून गेली. पाणी यायची वेळ, त्यामुळे सगळी कॉलनी बाहेरच होती. गाडीच्या टपावर पिवळा दिवा लागला, काचा वर झाल्या आणि आत कुणी नसताना ती फाटकातून सावकाश बाहेर पडली. माने बनियनवरच धावत आले, दोन पावलं तिच्यामागे गेले आणि तसेच आत वळले. बायकांनी माना खाली घालून बादल्या भरल्या. हप्ते थकले की हल्ली वसुलीची माणसं येत नसत. गाडीलाच हुकूम यायचा आणि ती, गाड्या बनवून कर्जावर विकणाऱ्या कंपनीच्या यार्डात जाऊन उभी राहायची. कंपनी याला ‘स्वपरत’ म्हणे.

“पूर्वी जप्ती यायची तेव्हा भांडायला समोर माणूस तरी असायचा,” सरोजिनी घोरपडे आपल्या दारातून म्हणाल्या. त्यांचेही दोन हप्ते थकले होते. येत्या सोमवारी तिसरा थकला, की त्यांच्या गाडीवरही दिवा लागणार होता.

साताऱ्यात त्यांना सगळे बाईच म्हणत. वडिलांच्या जुन्या फियाटवर त्या स्वतः शिकल्या, तिच्यावरच त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. गावातल्या कितीतरी बायकांना त्यांनी यवतेश्वरच्या घाटात नेऊन, चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता कशी उचलायची ते शिकवलं होतं. एखादी घाबरून रडायला लागली तर बाई डब्यातला लाडू काढून तिच्या हातावर ठेवत आणि म्हणत, “खा आणि पहिला गिअर टाक.” मग स्वतः चालणाऱ्या गाड्या आल्या आणि शिकायला येणारं कुणी उरलं नाही. बाईंनी बोर्ड उतरवला, पण हातपाय गाळले नाहीत. तशीच एक गाडी कर्जावर घेतली. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात, देवाला, लेकीकडे पोचवायचं आणि भाडं घ्यायचं.

ती गाडी आली तेव्हा घाटात फार भित्री होती. समोर धुकं दिसलं की रस्त्यातच उभी राहायची. मग बाई स्टिअरिंग हातात घेत. माणूस चालवू लागला की ही गाडी गप्प राहून बघे आणि शिके. याला ‘शिकवण’ म्हणत. रोज रात्री ती शिकवण कंपनीच्या साठ्यात जाई आणि तिथून इतर गाड्यांना मिळे. घेताना करारात तसं लिहिलेलं होतं, आणि बाईंना त्यात काही गैर वाटलं नव्हतं. उलट त्यांच्या गाडीच्या पडद्यावर ‘उत्तम शिक्षक’ असा तारा आला, तेव्हा त्यांनी कॉलनीत पेढे वाटले होते. तारा मिळालेल्यांची शिकवण न तपासता पुढे जायची.

गेल्या वर्षी कंपनीने साताऱ्यात स्वतःच्या हिरव्या भाडोत्री गाड्या आणल्या, निम्म्या दरात. बाईंची गिऱ्हाइकं महिन्या-दोन महिन्यांत तिकडे गेली आणि हप्ते थकायला लागले.

बाई हट्टाने हिरव्या गाडीत बसल्या नव्हत्या. पण मान्यांची गाडी गेली त्या संध्याकाळी हमीदा बागवानने त्यांना ओढूनच बसवलं. हमीदा त्यांची अगदी सुरुवातीची विद्यार्थिनी, आता गुडघ्यांनी बेजार. दोघी घाटावरच्या ओळखीच्यांकडे भेटायला गेल्या आणि परतताना आंधळ्या वळणावर बाई सावरून बसल्या. गाडीने वेग कमी केला, डोंगराच्या अंगाला सरकली, दोनदा आखूड हॉर्न दिला, जरा थांबली आणि मग वळली.

बाई स्वतः हे वळण अगदी असंच घेत. हमीदाच्या घरापाशी ती उतरली, पण गाडी हलेना. हमीदाने कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला, तेव्हा कुठे गाडीने इंडिकेटर दिला. उतरलेलं माणूस घरात जाऊन दिवा लागेपर्यंत गाडी हलवायची नाही, हा घोरपडे ड्रायव्हिंग स्कूलचा नियम होता. दुसऱ्या कुठल्या शाळेत तो नव्हता, आणि बाई आपल्या गाडीतही तो पाळत आल्या होत्या.

“थांब!” बाईंनी गाडी थांबवली आणि खाली उतरल्या. “हमीदा! अगं, ही माझी विद्यार्थिनी आहे!”

“कोण, बाई?”

“ही! ही गाडी! सगळ्याच हिरव्या गाड्या!”

हमीदाला समजायला थोडा वेळ लागला. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे तुम्हीच शिकवलं आणि हिनंच तुमची गिऱ्हाइकं पळवली? फी तरी घेतली का?”

“फी कसली! महिन्याच्या महिन्याला मीच हप्ता भरत होते.”

“मग आता उलटंसुलटं शिकवा. जाऊ देत सगळ्या खड्ड्यात.”

“चुकीचं मी जन्मात कुणाला शिकवलं नाही. आता या वयात सुरुवात करू?”

कोपऱ्यावर एक म्हातारा भाजीची पिशवी घेऊन उभा होता. त्याच्याकडे फोन नसावा. येणाऱ्या प्रत्येक हिरव्या गाडीला तो हात दाखवत होता आणि बुकिंग नाही म्हणून प्रत्येक रिकामी गाडी त्याच्यासमोरून निघून जात होती. बाई बघत राहिल्या.

“हमीदा, पूर्वी हात दाखवला की एसटी थांबायची, आठवतं?”

“कंडक्टर कुरकुर करायचा. पण घ्यायचा हो.”

“उद्या सकाळी मोठी पिशवी घेऊन ये.”

बुधवारपासून साताऱ्यात एक वेगळाच खेळ सुरू झाला. हमीदा पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि हात दाखवायची. बाई गाडी डावीकडे घ्यायच्या, ब्रेक लावायच्या, दार उघडायच्या, पुढच्या चौकात सोडायच्या. पुन्हा तेच, दुसऱ्या रस्त्यावर.

“हात नीट वर कर. डास हाकलतेस का?”

“बाई, सगळं गाव बघतंय. नवऱ्यानं घराबाहेर काढली म्हणतील.”

“काढली असती तर एवढ्या थाटात गाडी आली असती का न्यायला?”

एका माणसाचा हात बघून गाडी शिकणार नव्हती. बाईंनी कॉलनीत निरोप दिला. निळ्या साडीतली, काठीवाली, लेकरू कडेवर घेतलेली, अशा कितीजणी रस्त्यावर उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी मानेही आले. गाडी गेल्यापासून ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी रिकामी पिशवी काखेत मारली आणि पोवई नाक्यावर हात असा वर केला, जसा काही मोर्चा अडवतायत. रविवारी बाईंनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. गाडी आपणहून डावीकडे आली, थांबली आणि दार उघडून वाट बघत राहिली.

“पास,” बाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी टपावरचा दिवा लागायची वाट बघितली नाही. चांगली इरकल नेसल्या, गाडी हाताने चालवायला घेतली आणि भर बाजारातून हॉर्न वाजवत यार्डात नेऊन उभी केली. तिथला अधिकारी, पुष्कर दातार, लगबगीने बाहेर आला.

“आजी, कशाला त्रास घेतलात? ती आपली आपण आली असती.”

“म्हणूनच आणली. आणि आजी नको, बाई म्हण.”

त्याने पडदा पुढे केला. “इथे अंगठा लावा. एकमेकांचं काही देणंघेणं उरलं नाही, एवढंच आहे.”

“कर्ज फेडता आलं नाही, गाडी घे. ते मी मान्य करते. पण अंगठा लावणार नाही. माझं येणं आहे.”

तो समजूतदारपणे हसला आणि गाडी आत लावायला सांगितली. बाई घरी चालत गेल्या.

आठवडाभरात हिरव्या गाड्या थांबायला लागल्या. मंडईपाशी, दवाखान्याच्या दारात, शाळेबाहेर, जिथे कुणी हात दाखवेल तिथे. बुकिंग नाही म्हणून भाडंही लागत नसे. जी गाडी जिकडे निघालेली असेल तिकडे ती माणसाला घेऊन जायची. मग कराडहून तशीच बातमी आली, मग कोल्हापूरहून.

आणि एके दिवशी दुपारी दातार बाईंच्या दारात उभा राहिला. हमीदा आतच होती. तिने त्याला पाणी दिलं आणि ऐकायला तिथेच बसली.

“बाई, हे तुम्ही शिकवलंत.”

“कशावरून?”

“साठ्यात नाव दिसतं. आम्ही काढून बघितलं. पण तुमची शिकवण एकमेकीत इतकी गुंतलीय, की हे काढलं तर गाड्या घाटात बिचकतात. वरून मनाई घातली तर हात दिसल्यावर मधेच उभ्या राहतात.” त्याने घाम पुसला. “तुम्ही थोडे दिवस येऊन ही सवय मोडून द्या. कंपनी कर्ज माफ करेल. गाडीसुद्धा परत मिळेल.”

हमीदाचे डोळे लकाकले. बाईंनाही गाडीची आठवण आली. ती दाराशी नसल्यामुळे अंगण किती मोठं दिसत होतं!

“येईन की,” त्या म्हणाल्या. “आधी एवढंच लिहून दे, की ही शिकवण घोरपडेबाईंची आहे.”

दातारने पाण्याचा पेला खाली ठेवला. “ते नाही लिहिता येणार. तुमची म्हटलं तर माने म्हणतील त्यांचीही. मग हजारो लोक दारात येतील. करारानुसार शिकवण कंपनीचीच.”

“मग कंपनीची गोष्ट मी कशी मोडू? परक्याच्या वस्तूला मी हात लावत नाही.” बाई खुर्चीत पुढे सरकल्या. “आणि माझी असेल, तर दातार, तूच हिशेब कर. इतकी वर्षं हप्ता कुणी कुणाला द्यायला हवा होता?”