खोडलेली चौदा नावं

दोन नोव्हेंबरच्या दुपारी कोंडाजी पगारे गुरुजी मेणबत्त्या आणायला म्हणून घराबाहेर पडले, तर दारात सरुबाई उभी. तिला बघून गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. सलग चौथ्या वर्षी, त्याच दिवशी आणि त्याच कामाला ही बाई आली होती.

"गुरुजी, औंदा तरी घ्या की हो माझ्या कुंदनचं नाव."

"चिठ्ठी टाकलीस पेटीत?"

"टाकली की. दर साली टाकते."

"आणि दर साली मी खोडतो. मग विचारतेस कशाला?"

असं तोंडावर बोलले. चार घरची भांडी घासून आलेली बाई, हाताला अजून पावडरीचा वास, आणि हे तिला असं बोलले. बोलून वर चपला घालताना तिला बाजूला व्हायला सांगितलं.

सांगायला हवं, हे नावाचं प्रकरण काय ते. नाशकातल्या त्यांच्या चर्चमध्ये ऑक्टोबर लागला की दाराशी एक लाकडी पेटी ठेवायचे. ज्याचं माणूस गेलंय त्यानं कागदावर नाव लिहून आत टाकायचं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे दफनभूमीत जमायचे. कबरी झाडायच्या, धुवायच्या, झेंडू वाहायचा, मेणबत्त्या लावायच्या. मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, झाली की सगळी नावं लाउडस्पीकरवर वाचायची, आणि प्रत्येक नावामागून लोकांनी म्हणायचं, 'हे प्रभो, दया कर.' कारण मेलेला माणूस थेट स्वर्गात जात नाही अशी त्यांची श्रद्धा. पापांचं किटण निघेपर्यंत तो शुद्धिस्थानात थांबतो, आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली की त्याचं थांबणं कमी होतं.

नावं वाचायचं काम अकरा वर्षं गुरुजींकडे होतं. रिटायर्ड हेडमास्तर, खणखणीत आवाज, शब्द न् शब्द सुटा. यादीही तेच करायचे, आणि यादी करताना हातात लाल पेन असायचं. दारू पिऊन गटारात मेलेला भिका साळवे, खोडला. नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या घरात राहिलेली भागुबाई, खोडली. मनमाडला रेल्वेखाली अंग झोकून दिलेला योगेश, खोडला. सातपूरच्या कंपनीतून काढल्यावर द्राक्षावर मारायचं औषध प्यायलेला सरुबाईचा कुंदन, तोही खोडला. चोवीस वर्षांचं पोर हो! नरकात गेलेल्यासाठी प्रार्थना कशाला वाया घालवायची, असा गुरुजींचा हिशेब. कोण नरकात गेलं ते यांना कुणी कळवलं होतं, देव जाणे. देवाच्या दारातला पट्टेवाला म्हणवून घ्यायचीही लायकी नाही, आणि हे स्वतःला साहेब समजत होते.

वसईहून आलेले तरुण फादर लोपीस एकदा म्हणाले होते, "गुरुजी, शेवटच्या श्वासाला माणूस देवाशी काय बोलला, हे तुम्हाला-मला कसं कळणार?"

"दया म्हणजे काय खिरापत आहे, फादर? येईल त्याच्या हातावर ठेवायला?" गुरुजी म्हणाले. फादर गप्प बसले. हेही चुकलंच त्यांचं.

पण त्या वर्षीची, म्हणजे अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट वेगळी होती. फेब्रुवारीत गुरुजींची बायको गेली. सुलाबाई. या माणसाचं आयुष्यात एका माणसावर प्रेम होतं, ते तिच्यावर, आणि ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगणं दूरच, बेचाळीस वर्षांत तिला नावानं हाक मारली नाही. 'अगं' आणि 'ऐकलंस का', एवढ्यावर संसार झाला. जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "जन्मभर माझं नाव घेतलं नाहीत. दोन तारखेला तरी घ्या. दुसऱ्या कुणाला वाचू देऊ नका. तुम्हीच घ्या... मी वाट बघीन."

गुरुजींनी मान हलवली होती. तेव्हापासून नऊ महिने त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सुला तिकडे थांबली आहे, आणि आपण नाव घेतलं की तिची सुटका होईल. चर्चच्या पोरांना त्यांनी स्वतःच शिकवलेली गोष्ट होती ती, आणि त्यावर त्यांचा पक्का विश्वास होता. तिचं नाव त्यांनी यादीत सगळ्यात शेवटी लिहिलं.

मिस्सा साडेपाचला संपली. ऊन उतरलं होतं. पलीकडच्या द्राक्षबागेतून फवारणीचा उग्र वास येत होता, त्यात धूप, वितळलेलं मेण आणि चुरगळलेला झेंडू. गुरुजींनी चष्मा पुसला, माइकवर टिचकी मारली आणि सुरुवात केली. एक नाव, 'हे प्रभो, दया कर'. दुसरं नाव, 'हे प्रभो, दया कर'. ऐंशीएक नावं झाली. कुंदनची जागा आली तशी गेली. सरुबाई कोपऱ्यातल्या भिंतीपाशी, लेकाच्या कबरीजवळ पदर धरून उभी होती, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

मग शेवटचं नाव. गुरुजींना वाटलं होतं आवाज कापेल, पण कापला नाही. जन्मभर आत दाबून ठेवलेली सगळी माया एका दमात बाहेर आली.

"सुलाबाई कोंडाजी पगारे."

मग भिंतीपाशी सरुबाईनं हंबरडा फोडला, आणि पाठोपाठ सगळी माणसं एकदम म्हणाली, "हे प्रभो, दया कर!" बायका डोळे पुसायला लागल्या. गुरुजींना जरा नवलच वाटलं. सुलासाठी एवढी माणसं रडतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

फादर जवळ आले. त्यांचेही डोळे ओले. खाली वाकून हळूच म्हणाले, "फार मोठं मन केलंत, गुरुजी. आता सुलाबाईंचं नाव घ्या ना. तेवढंच राहिलंय."

"घेतलं की आत्ता."

"नाही... आत्ता तुम्ही कुंदनचं घेतलंत. कुंदन सावळीराम जाधव."

गुरुजींनी फादरकडे असं पाहिलं, जसं वर्गात डुलक्या काढणाऱ्या पोराकडे पाहावं. मग माइक ओढून घेतला आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "सुलाबाई. कोंडाजी. पगारे."

"हे प्रभो, दया कर," लोक म्हणाले. पुढच्या रांगेत साळव्यांची म्हातारी छातीवर क्रूसाची खूण करत मटकन खाली बसली. "माझा भिका... गुरुजींनी माझ्या भिकाचं नाव घेतलं गं माय!"

गुरुजींनी माइक घट्ट धरला. त्यांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं. स्वतःच्या कानांना स्वच्छ ऐकू आलं, सुलाबाई. आणि कबरींमध्ये उभ्या गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, "भागुबाईचं घेतलं... बघा हो, भागुबाईचंही घेतलं..."

त्यांनी माइक असा खाली ठेवला की कर्णा किंचाळला. फादरनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते भारावलेत असं समजून आशीर्वाद देऊन टाकला. लोक येऊन गुरुजींच्या पाया पडत होते. खरं तर अकरा वर्षांत या माणसाच्या पाया पडावं असं कुणालाही वाटलं नव्हतं. गुरुजी पाय मागे घेत होते.

हळूहळू गर्दी पांगली. लाउडस्पीकरवाला वायरी गुंडाळून गेला. आभाळात थोडा तांबूस उजेड होता, खाली मेणबत्त्या. गुरुजी सुलाबाईच्या कबरीशी गुडघ्यांवर बसले. रातकिडे सुरू झाले होते.

"सुला..." ते म्हणाले.

रातकिडे थांबले. एकदम, सगळे. दोन श्वास काहीच नाही. मग पुन्हा सुरू झाले.

"हे प्रभो, दया कर," मागून आवाज आला. गुरुजी दचकले. सरुबाई होती, हात जोडून उभी.

"कुणाचं... कुणाचं नाव ऐकलंस तू?"

"योगेशचं. मनमाडला गेला त्याचं. तुम्हीच तर घेतलं आता."

"मी सुलाचं घेतलं, सरुबाई. मी माझ्या बायकोचं नाव घेतोय." हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. "मला माझ्या कानांनी ऐकू येतंय. तुम्हाला कुणालाच येत नाही..."

सरुबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरी जिरली. तिच्या जागी मी असतो तर नक्की म्हणालो असतो. ती मात्र पदर सावरून शेजारी मातीत बसली. "परत घ्या," ती म्हणाली, "मी ऐकते."

गुरुजींचा मेंदू आता भराभर चालायला लागला. अकरा वर्षांत किती नावं खोडली? चौदा. एकेक त्यांना पाठ होतं. ती चौदा नावं सुलाच्या आडवी उभी होती. हरकत नाही. चौदा तर चौदा. त्यांची नावं घेऊन संपली की पुढे तीच. दयेचासुद्धा यांनी असा पाढा करून टाकला बघा, पाचवीतल्या पोरासारखा! इतकं होऊनही माणूस सुधारला नाही.

"सुला."

"लंकाबाईचं आलं. हे प्रभो, दया कर."

"सुला."

"त्या पोस्टातल्या पौलसचं. हे प्रभो, दया कर."

प्रत्येक वेळी रातकिडे थांबायचे. प्रत्येक वेळी कुठूनतरी, कधी भिंतीकडून, कधी अगदी पाठीमागून, लांब सुस्कारा ऐकू यायचा. खूप वेळ उभा राहिलेला माणूस खाली टेकावा, तसा. सरुबाईनं एकदा मागे वळून बघितलं आणि पुन्हा मागे बघितलं नाही. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ होत्या. वारा मुळीच नव्हता.

बारा झाली. तेरा झाली. चौदावं नाव सरुबाईनं सांगितलं तेव्हा गुरुजींचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, नोव्हेंबरच्या गारठ्यात.

"झाली," ते म्हणाले. "संपली सगळी. आता तीच." त्यांनी ओठ ओले केले, दोन्ही हात कबरीच्या ओल्या मातीवर टेकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गयावया केली. "प्रभू, एवढं एक नाव दे रे मला. तिला शब्द दिलाय मी... सुला. सुलाबाई."

रातकिडे थांबले.

सरुबाई गोंधळून कबरीकडे बघत राहिली. गुरुजींनी तिचं मनगट धरलं. "ऐकलंस? तिचंच ना? सांग... तिचंच ना?"

"अंतू म्हणून कुणी... अंतू राघू वल्हे," ती अडखळत म्हणाली. "हे कोण हो गुरुजी? आपल्यातलं नाय वाटत."

या नावाचा माणूस गुरुजींनी कधी पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. त्याला त्यांनी खोडलंही नव्हतं. त्यांनी पुन्हा हाक मारली. सरुबाईनं एका बाईचं नाव सांगितलं, नांदगावकडची असावी. पुन्हा हाक मारली. या वेळी नुसतंच 'बाळ' आलं, नाव ठेवायच्या आधी गेलेलं. पुन्हा मारली, तर जे नाव आलं ते कुठल्या मुलखातलं, कुठल्या भाषेतलं, सरुबाईला बोलताही येईना. तरी तिनं हात जोडले आणि म्हणाली, "हे प्रभो, दया कर."

आणि मग तो आवाज आला. वाळलेल्या पाचोळ्यावर पाऊल टाकल्याचा, एकच. त्याच्यामागून दुसरा, त्याच्यामागून तिसरा. रेशनच्या दुकानात रांग एक पाऊल पुढे सरकावी तसा. गुरुजींच्या खांद्याजवळून निघालेला तो आवाज मागे मागे जात राहिला. गेटपर्यंत गेला, रस्ता ओलांडून गेला, द्राक्षबागेत शिरला, बाग संपली तरी थांबला नाही. पार लांब, नदीच्या अंगाला, अजून पावलं वाजतच होती.

"एवढी..." गुरुजी कसेबसे म्हणाले. "एवढी सगळी... ज्यांचं कुणीच नाव घेतलं नाही..."

"व्हय," सरुबाई म्हणाली.

"मग सुला कुठे आहे? ती फेब्रुवारीपासून उभी आहे, सरुबाई. आज तिचा नंबर यायला नको?"

सरुबाईनं काळोखात बघितलं. तिला भीती वाटत होती, ते तिच्या आवाजात कळत होतं, पण त्यात थोडं हसूही होतं.

"सुलाबाई कुठली पुढं येती, गुरुजी? नळावर बी ती बाई सगळ्यांना आपल्या म्होरं सोडायची. 'तुम्ही घ्या भरून, मला काय घाई नाय,' म्हनायची. तिथं बी तेच चाललं असंल तिचं."

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. मग काळोखाकडे बघितलं. घसा खाकरला, पण आवाज बसला होता. तरी त्यांनी तोंड उघडलं.

"सुला..."

रांग आणखी एक पाऊल पुढे सरकली.